रोजची कटकट : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या टपालात निम्मी पत्रं पावसाळ्याची, उरलेली फोनची, शेजाऱ्यांची आणि स्वयंपाकघराची. बहुतेकांनी शेवटी विचारलंय, ‘याला काही उपाय आहे की सवय करून घ्यायची?’ बहुतेक वेळा उपाय आहे, आणि तो स्वस्तही आहे. मात्र कारागीर बोलावण्याआधी किंवा नवी वस्तू आणण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते पाहावं लागतं. प्लंबर, वायरमन, सुतार आणि ग्राहक-तक्रारींचं काम करणारी मंडळी यांच्याकडून मिळालेली उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : पाहुण्यांसाठीच्या बाथरूममध्ये कायम गटाराचा वास येतो. फिनेल, डांबरगोळ्या, अ‍ॅसिड सगळं करून झालं. प्लंबर म्हणतो, फरशी फोडून ट्रॅप बदलावा लागेल. खरंच लागेल का? शिवाय भिंतीवर बारीक राखाडी माश्या बसतात, त्या कुठून येतात? (नाशिक)

उत्तर : फरशीला हात लावू देऊ नका. आधी टॉर्च घ्या, जाळी उचला आणि आत बघा. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये साधारण ५ सेंटिमीटर पाणी कायम उभं असायला हवं. ड्रेनेजच्या पाइपातली हवा घरात येऊ न देणारं झाकण म्हणजे हे पाणी. बाथरूम वापरात नसलं की ते वाळतं. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे बंद राहिलं तरी पुरतं. तुमचं बाथरूम पाहुण्यांचं आहे म्हणता, तेव्हा पहिला संशय हाच. दोन तांबे पाणी ओता, दार लावून घ्या आणि दोन तासांनी वास घ्या. गेला असेल तर दर आठवड्याला एक तांब्या पाणी ओतायचं, एवढाच उपाय. महिनाभर गावाला जायचं असेल तर पाण्यावर दोन चमचे गोडेतेल सोडा. तेलाचा थर वर राहतो आणि पाणी लवकर उडत नाही. खोबरेल नको, थंडीत थिजतं.

पाणी आहे आणि तरी वास येतो? मग तीन जागा तपासा. काही ट्रॅपमध्ये पाइपच्या तोंडावर एक उलटी वाटी बसवलेली असते. तिच्यात केस अडकतात, पाणी सावकाश जातं, म्हणून सफाईच्या वेळी कोणीतरी ती काढून फेकतं. वाटी गेली की झाकणच गेलं. तशी वाटी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, जुन्या ट्रॅपचं माप घेऊन जा. दुसरी जागा वॉशबेसिनखालची. तिथला नालीदार पाइप भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या भोकात नुसता खुपसलेला असतो आणि भोवती बोटभर फट असते. वास त्या फटीतून येतो आणि बोल जाळीला बसतो. रबरी रिंग घालून फट बंद करा. पाइप जर बेसिनपासून सरळ खाली उतरत असेल तर मध्ये बाटली ट्रॅप बसवून घ्या. तिसरी खूण कानांनी ओळखायची. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की तुमच्या जाळीतून ‘गुडगुड’ येते का? येत असेल तर वरून पडणाऱ्या पाण्याच्या ओढीने तुमच्या ट्रॅपमधलं पाणी शोषलं जातंय. म्हणजे गच्चीवरचा हवेचा पाइप तुंबलाय किंवा बसवलेलाच नाही. हे काम सोसायटीचं आहे, तुमच्या फरशीचं नाही.

माश्यांचं उत्तर वेगळं आहे. या ड्रेन फ्लाय. जाळीच्या आत केस, साबण आणि मळाचा जो बुळबुळीत थर साचतो त्यात त्या अंडी घालतात. अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून फवारा मारून आजच्या माश्या मेल्या तरी पुढच्या आठवड्यात नव्या हजर. नक्की याच जाळीतून येतात का ते पाहायचं असेल तर रात्री जाळीवर चिकटपट्टी चिकट बाजू खाली करून लावा, कडेला थोडी फट ठेवा. सकाळी पट्टीला माश्या चिकटलेल्या दिसल्या तर जागा सापडली. मग बाटली धुवायच्या ब्रशने आतल्या भिंती खरवडा, दोन-तीन चमचे धुण्याचा सोडा टाका आणि वर बादलीभर गरम पाणी. पाणी उकळतं नको. पीव्हीसीचा पाइप उकळत्या पाण्याने मऊ पडतो. चार-चार दिवसांनी तीन आठवडे हे करा, म्हणजे मागून निघणारी पिढीही जाईल.

अ‍ॅसिडबद्दल मात्र कडक शब्दांत सांगतो. अ‍ॅसिड नळाचं पॉलिश आणि फरशीच्या सांध्यातलं सिमेंट खातं, वास जात नाही. आणि अ‍ॅसिड व ब्लीचिंग पावडर एका जागी आली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ‘दोन्ही टाकलं की जास्त साफ होतं’ हा सल्ला देणाऱ्याला घरात घेऊ नका.

प्रश्न : पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. बरणी घट्ट असूनही. (रत्नागिरी)

उत्तर : हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणात पावसाळाभर ती त्याच्या वरच असते. मिठागरातल्या खड्यांच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी धरतं. म्हणून ते आधी ओलावतं. मोठ्या बरणीतून रोज काढू नका. आठवड्याचं मीठ कोरड्या तव्यावर दोन-तीन मिनिटं परतून, पूर्ण गार करून छोट्या बाटलीत भरा आणि तळाशी चमचाभर भाजलेले तांदूळ टाका. गरम भरलंत तर वाफ आतच राहील. ओला चमचा बरणीत घालणारं कोण आहे, ते घरात शोधा.

प्रश्न : जूनपासून बेडरूमचं दार लागत नाही, खांद्याने ढकलावं लागतं. सुतार रंधा मारायला तयार आहे. मारू द्यावा का? (म्हापसा)

उत्तर : आत्ता नको. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं, म्हणजे दाराची रुंदी वाढते, उंची जवळपास तेवढीच राहते. फुगलेल्या दारावर रंधा मारला की डिसेंबरात ते आकसतं आणि चौकटीत बोटभर फट दिसते. मग फटीला पट्टी मारायची, आणि पुढच्या जूनमध्ये पट्टी अडकते.

पण आधी दार खरंच फुगलंय का ते बघा. दार अर्धं उघडून मूठ धरा आणि वर उचलायचा प्रयत्न करा. बिजागरीत हालचाल जाणवली, दार जरा वर उचललं गेलं, तर दोष फुगण्याचा नाही. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार झुकलंय आणि मुठीकडचा कोपरा घासतोय. स्क्रू आवळून धरत नसेल तर भोक मोठं झालंय. त्यात फेव्हिकॉल लावलेल्या आगकाड्या ठोकून बसवा, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू घाला. किंवा तिथे दोन इंची स्क्रू वापरा, तो चौकटीच्या आतल्या लाकडात जातो.

बिजागरी पक्की असेल तर घासणारी जागा शोधा. चौकटीच्या आतल्या कडेला खडू फासा, दार दाबून लावा, उघडा. दारावर जिथे खडू उमटला तिथेच ते अडतंय. त्या पट्ट्यावर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासा. निम्म्या दारांना पावसाळा काढायला एवढं पुरतं. दार कडी लागण्याइतकंही बसत नसेल, तर फक्त खडू उमटलेल्या पट्ट्यावर काचकागद मारा.

रंधा फेब्रुवारी-मार्चमध्ये मारायचा, लाकूड कोरडं असताना, आणि बाजूला २ ते ३ मिलिमीटर फट ठेवायची. नंतर जे करायचं ते शंभरातले नव्वद सुतार करत नाहीत : दाराची वरची आणि खालची कड रंगवणं. त्या कडा दिसत नाहीत म्हणून कोरड्या सोडतात, आणि उभ्या लाकडांचे तोंड उघडे राहिल्याने दमट हवेतलं पाणी तिथूनच शोषलं जातं. दाराखाली आरसा सरकवून बघा, कोरं लाकूड दिसेल. दार उतरवून दोन्ही कडांना प्रायमर आणि वॉर्निशचे दोन हात मारून घ्या.

प्रश्न : दिवसाला आठ-दहा फोन. कर्ज, प्लॉट, क्रेडिट कार्ड. ब्लॉक करून करून थकलो. डीएनडीसुद्धा केलंय, तरी थांबत नाहीत. (ठाणे)

उत्तर : ब्लॉक करण्याचा काही उपयोग नाही. ते रोज नव्या नंबरवरून करतात. तुम्ही एक नंबर अडवता, त्यांच्याकडे हजार असतात.

आधी डीएनडी नीट लागलंय का ते पाहा. १९०९ या नंबरावर START 0 असा एसएमएस पाठवला की सर्व प्रकारच्या जाहिराती बंद होण्याची नोंद होते. फोन करूनही नोंद होते. शून्याच्या जागी १ ते ८ यांपैकी आकडा पाठवला तर तेवढाच विषय बंद होतो, उदाहरणार्थ १ म्हणजे बँक-विमा-कर्ज, २ म्हणजे घर-जमीन. पुष्कळ लोकांनी कधीतरी एकच आकडा पाठवलेला असतो आणि ‘डीएनडी केलंय’ असं ते धरून चालतात.

आता डीएनडीने काय थांबत नाही ते समजून घ्या. तुमच्या बँकेचे व्यवहाराचे मेसेज, ओटीपी, गॅस बुकिंग हे येणारच. एखाद्या अ‍ॅपवर किंवा दुकानात फॉर्म भरताना खालच्या चौकोनात टिचकी मारून तुम्ही संमती दिली असेल, तर त्या कंपनीपुरतं डीएनडी लागू होत नाही. संमती मागे घ्यायचा हक्क तुम्हाला आहे, तो वापरा. नोंदणीकृत जाहिरातदारांना १४० ने सुरू होणारे नंबर दिलेले आहेत, आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर असतं. P असेल तर जाहिरात, S सेवा, T व्यवहार, G सरकारी. हे अक्षर बघायची सवय लावली तर ‘तुमचं खातं बंद होणार’ असा साध्या दहा आकडी नंबरावरून आलेला मेसेज बँकेचा नाही, हे चटकन कळतं.

तुम्हाला छळणारे बहुतेक फोन याच साध्या दहा आकडी नंबरांवरून येत असणार. ही मंडळी नोंदणीच करत नाहीत. त्यांच्यावर डीएनडीचा परिणाम होत नाही, तक्रारीचा होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेने, नियम बदलले. आता डीएनडी केलेलं नसलं तरी तक्रार करता येते, आणि फोन आल्यापासून ७ दिवसांच्या आत करता येते. पूर्वी ३ दिवस होते. १० दिवसांत एकाच नंबराविरुद्ध ५ तक्रारी झाल्या की कंपनीला कारवाई करावी लागते. पहिल्या वेळी त्याचे बाहेर जाणारे फोन १५ दिवस बंद, पुन्हा सापडला तर सगळ्या कंपन्यांकडची त्याची कनेक्शन्स वर्षभरासाठी तुटतात.

म्हणून तक्रार करण्याची पद्धत सोपी ठेवा. ट्रायचं डीएनडी अ‍ॅप घेतलं तर कॉल यादीतला नंबर निवडून दोन टिचक्यांत तक्रार जाते. अ‍ॅप नको असेल तर १९०९ ला एसएमएस : कशाचा फोन होता ते दोन शब्दांत, स्वल्पविराम, तो नंबर, स्वल्पविराम, तारीख. तक्रार क्रमांक येतो, तो जपा. लोकांची तक्रार फेटाळली जाते ती बहुतेकदा दोन कारणांनी. सात दिवस उलटून गेलेले असतात, किंवा तारीख चुकीची घातलेली असते आणि कंपनीच्या नोंदीत त्या दिवशी तो फोन सापडत नाही.

फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज ‘नको असल्यास ९ दाबा’ म्हणाला तर दाबू नका. नंबर चालू आहे आणि माणूस ऐकतोय, एवढंच त्यांना कळतं. शिव्या देऊनही उपयोग नाही. पलीकडे बसलेली मुलगी पगारासाठी यादी वाचत असते. फसवणुकीचा संशय असेल तर संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’मध्ये नोंद करा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तिथे प्रत्येक मिनिट महत्त्वाचं आहे. अनोळखी नंबर आपोआप मूक करायची सोय फोनमध्ये असते, पण घरात कोणी हॉस्पिटलात असेल किंवा मुलाच्या शाळेचा फोन यायचा असेल तर ती वापरू नका.

प्रश्न : पंखा पाचवर ठेवला तरी दोनसारखा फिरतो. कधी कधी काठीने ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही. वरून टकटक आवाज. नवा घ्यावा का? (नागपूर)

उत्तर : काठीने ढकलावा लागतो म्हणालात, तिथेच निदान झालं. कपॅसिटर गेलाय. साध्या छताच्या पंख्यात तो बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, दुकानात ‘अडीच एमएफडी’ म्हणून मागतात. तो पूर्ण गेला की मोटरला सुरुवातीचा धक्का मिळत नाही, आणि ज्या दिशेने ढकलाल त्या दिशेने पंखा फिरतो, उलटसुद्धा. अर्धवट गेला की फिरतो पण रेंगाळतो. वायरमनने यासाठी ‘वायंडिंग गेलं’ म्हटलं तर पंखा उतरवू देण्याआधी कपॅसिटर बदलून बघायला सांगा.

स्वतः बदलणार असाल तर नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून काम करू नका. कित्येक घरांत बटणावर फेजऐवजी न्यूट्रल घेतलेली असते, त्यामुळे बटण बंद असूनही पंख्यात करंट राहतो. एमसीबी खाली पाडा आणि टेस्टरने खात्री करा. रॉडवरची वाटी खाली सरकवली की कपॅसिटर दिसतो. काही पंख्यांत तो खालच्या झाकणात असतो. जुन्यावर छापलेला आकडा वाचा. २.२५ किंवा ३.१५ असेल तर तेवढाच आणा, ‘मोठा टाकला की जोरात फिरतो’ यावर विश्वास ठेवू नका, मोटर तापते. जुन्याची दोन टोकं प्लास्टिक मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने एकमेकांना टेकवून साठलेला करंट काढा. नव्याला दोनच वायरी असतात आणि त्या उलटसुलट लागल्या तरी चालतं, फक्त जुना ज्या दोन वायरींना होता त्यांनाच जोडा. एक सांगून ठेवतो, नव्या बीएलडीसी पंख्यांना हे काहीच लागू नाही. त्यांच्यात आत सर्किट असतं.

कपॅसिटर बदलूनही जोर नसेल तर पंखा बंद असताना पात्याला हाताने हलका झोका द्या. सहज दहा-बारा फेऱ्या फिरून थांबला तर बेअरिंग चांगली. दोन फेऱ्यांत अडखळला किंवा खरखरला तर बेअरिंग बदलायची, तेही नव्या पंख्याच्या किमतीच्या मानाने किरकोळच.

टकटक प्रत्येक फेरीला एकदा येते का ते ऐका. तसं असेल तर पात्याचा एखादा स्क्रू सैल आहे किंवा वरची वाटी रॉडला घासते. वाटी बोटभर खाली सरकवून आवळा. पंखा डुलत असेल तर छतापासून प्रत्येक पात्याच्या टोकापर्यंत पट्टीने अंतर मोजा. तीन पात्यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर जिथे पातं पकडलंय ती पट्टी वाकलीय. पाती पुसताना लोक एका पात्यावर जोर देतात, तेव्हा ती वाकते. वर चढलाच आहात तर हुकातला रबरी बुश आणि रॉडच्या बोल्टमधली फुटी पिन बघून घ्या. पिन नसेल तर आजच बसवा. बोल्ट निसटू नये यासाठी तीच असते.

कमी वेगावर पंखा गुणगुणत असेल आणि पाचवर गप्प होत असेल, तर दोष पंख्याचा नाही, जुन्या डिमरसारख्या रेग्युलेटरचा आहे. टप्प्याटप्प्याचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा.

प्रश्न : दुकानदार १० रुपयांचं नाणं घेत नाही, सुट्ट्यांच्या जागी चॉकलेट देतो, आणि फाटकी नोट तर कोणीच घेत नाही. (सोलापूर)

उत्तर : १० रुपयांची नाणी २०१८ पर्यंतच १४ प्रकारच्या नक्षीत आलेली होती, ₹ चिन्ह असलेली आणि नसलेलीही, आणि ती सगळी चालू आहेत. रिझर्व्ह बँकेने हे २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं. ५० पैशांचं नाणंही कायद्याने चालू आहे. २५ पैसे आणि त्याखालची मात्र ३० जून २०११ ला बंद झाली. दुकानदाराची बाजूही लक्षात घ्या : एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात १००० रुपयांपर्यंतच घेणं बंधनकारक आहे. पोतंभर नाणी आणून फ्रिज मागितला तर तो नाही म्हणू शकतो.

चॉकलेट हे चलन नाही. ‘नको, पैसे द्या’ म्हणा, किंवा तीच चॉकलेटं साठवून पुढच्या खेपेला त्याच दुकानात पुढे करा. हा उपाय कायद्याच्या पुस्तकात नाही, पण लागू पडतो. छापील किमतीवर ‘थंड करण्याचे’ दोन रुपये जास्त घेत असेल तर ते सरळ बेकायदा. बिल आणि बाटलीचा फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा, किंवा वैधमापन विभागाकडे. हॉटेलात टेबलावर बसून मागवलेल्या बाटलीला मात्र २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा नियम लावता येत नाही.

फाटकी नोट कोणत्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळते, तिथे तुमचं खातं असायची गरज नाही. २० रुपयांपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा तुकडा शाबूत असेल तर पूर्ण पैसे. ५० आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर अर्धे. मळक्या नोटा दिवसाला २० पर्यंत आणि ५००० रुपयांपर्यंत काउंटरवर फुकट बदलतात. गर्दीच्या वेळी, म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किंवा दुपारी बाराला गेलात तर ‘उद्या या’ ऐकाल. सकाळी शाखा उघडताच जा.

प्रश्न : वरच्या मजल्यावर रात्री अकराला खुर्च्या ओढतात, सकाळी सहाला मिक्सर, आणि मध्यरात्री गोट्या घरंगळल्यासारखा आवाज. त्यांच्याकडे लहान मूलही नाही! पोलिसांत जावं का? (डोंबिवली)

उत्तर : गोट्यांसाठी वरच्यांना बोलू नका. नळ किंवा फ्लशचा व्हॉल्व्ह एकदम बंद झाला की पाइपातलं पाणी आदळतं, सैल पाइप भिंतीवर टकटक करतो, आणि स्लॅबमधून तो आवाज डोक्यावर पडल्यासारखा वाटतो. आवाज झाला की कोणी बाथरूम वापरतंय का, ते कान देऊन ऐका. डक्टमधल्या पाइपला क्लॅम्प मारले की बरेचदा थांबतो.

खुर्च्यांचा आवाज हवेतून येत नाही, फरशीतून येतो. म्हणून तुमच्या छताला काही लावून उपयोग नाही, जे करायचं ते वर करावं लागेल. चिकटवायचे फेल्टचे तुकडे ओल्या फडक्याने फरशी पुसली की महिन्यात सुटतात. लोखंडी पाइपच्या खुर्च्यांना पायाच्या मापाची रबरी बुचं बसवायला लावा, ती टिकतात. मिक्सर ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट ठेवलेला असतो तेव्हा ओटा भिंतीला आणि भिंत तुमच्या झोपेला आवाज पोचवते. खाली जाड रबराची चटई हवी आणि भिंतीपासून चार बोटं अंतर. चटईऐवजी दुमडलेलं फडकं ठेवायला सांगू नका, मिक्सरच्या तळाची हवेची भोकं बुजतात आणि मोटर तापते. खलबत्ता जमिनीवर कुटत असतील तर खाली गोणपाटाची चौपदरी घडी घालावी. फ्रंट लोड वॉशिंग मशीन पिळताना घरभर नाचत असेल तर मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेले नाहीत का, ते बघायला सांगा. कंपनीतून येताना ड्रम जखडणारे ते बोल्ट राहून गेलेली मशीनं आढळतात.

पोलिसांचं म्हणाल, तर ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. ध्वनिक्षेपक, डीजे, फटाके यासाठी रात्री ११२ ला फोन करा, येतात. खुर्चीसाठी येणार नाहीत, आणि यायलाही नकोत. बुचांचं पाकीट स्वतः विकत घेऊन संध्याकाळी चहाच्या वेळी वर जा, रात्री अकराला बेल वाजवू नका.

प्रश्न : कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलं, सूर्य आणि सुविचार. फोन भरतो. ग्रुप सोडला तर मामा रागावतील. (पुणे)

उत्तर : ग्रुप सोडू नका, फोन सुधारा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन मीडिया ऑटो-डाउनलोड मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्हीसाठी बंद करा. नुसतं डेटासाठी बंद करून लोक थांबतात, मग घरी आल्यावर वायफायवर सगळी फुलं उतरतात. ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये ५ एमबीपेक्षा मोठ्या आणि अनेकदा पुढे पाठवलेल्या फाइली वेगळ्या दिसतात, तिथून एकदम काढा. ग्रुप ‘ऑलवेज’ म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका. उद्या ऑफिस किंवा सोसायटीचा एखादा ग्रुप सोडायचाच असेल, तर २०२२ पासून सोडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते, सगळ्यांना नाही. मामाच अ‍ॅडमिन असतील, तर वर सांगितलंय तेवढंच करा.

प्रश्न : मिक्सरच्या भांड्याखालून पाणी गळतं, आणि परवा चटणीत काळपट तेल आलं. वर तो मध्येच बंद पडतो. (सांगली)

उत्तर : ती चटणी टाकून द्या. पात्याचा दांडा भांड्याच्या तळातून ज्या बुशमध्ये फिरतो तो झिजलाय. फटीतून पाणी खाली आणि ग्रीस वर येतं. भांडं उलटं धरून दांडा बोटाने आडवा हलवून पाहा. हलला तर बुश आणि पातं एकत्र बदलून घ्या. दुरुस्तीच्या दुकानात अर्ध्या तासाचं काम असतं. बुश लवकर झिजण्याचं कारण बहुतेकदा धुण्यात असतं. भांडं रात्रभर पाण्यात बुडवून ठेवू नका. लगेच अर्धं भांडं पाणी आणि साबणाचा थेंब घालून पाच सेकंद फिरवा, ओता, उपडं वाळवा.

मध्येच बंद पडतो ते बिघडून नाही, स्वतःला वाचवून. तळाशी लाल बटण असतं. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, ते दाबा. पुन्हा पुन्हा उडत असेल तर भांडं जास्त भरताय. निम्म्याच्या वर नको, आणि सुकं खोबरं, गूळ, भिजवलेली डाळ एका दमात न वाटता थांबून थांबून फिरवा. मोटर गरगरते पण पातं फिरत नाही, असं झालं तर कपलरचे, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणाऱ्या दातेरी चकतीचे, दात गेलेत. मशीनवरचा कपलर काढताना मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने फिरवा, तो सुटतो. नेहमीच्या सवयीने उलटा फिरवलात तर अजून आवळतो, आणि मग पक्कड लावून तो तोडावाच लागतो.